चार हजारांचं घर आणि टायवाले साहेब

वसईतला आमचा फ्लॅट बहुधा जगातला सगळ्यात कमी भाड्याने दिलेला फ्लॅट आहे, आणि त्याच्या भाडेकरूला ते भाडं जास्त वाटतं.

भाडेकरू म्हणजे माझे पास्कू मावसा, आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला एक ओटा आणि अर्धा गोठा आला. मी तेव्हा दुबईच्या पगारातून नुकताच फ्लॅट घेतला होता आणि तो रिकामा पडला होता. "ग्रेगरी, सहा महिने राहू दे रे त्यांना," आई म्हणाली. मावसांचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून चार हजार रुपये भाडं ठरलं. त्यानंतर आमची मुलगी ॲनेट शाळेत गेली, शाळेतून कॉलेजात गेली, आता नोकरीलाही लागली. मावसांचे सहा महिने अजून संपलेले नाहीत.

चार हजार म्हणजे एकशे सत्तर दिरहमच्या आसपास. एवढ्या पैशांत दुबईत आमच्या इमारतीखाली महिनाभर गाडीसुद्धा उभी करू देत नाहीत. आम्ही स्वतः कुसैसला एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतो. हॉलमध्ये लाकडी पार्टिशन घातलंय, त्याच्या अलीकडे पाहुणे बसतात आणि पलीकडे ॲनेट झोपते. घरमालकाला आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण बाजारभाव वाढल्याचा त्याचा ईमेल न चुकता येतो आणि मी निमूटपणे वाढीव चेक लिहितो. तसाच एक ईमेल मावसांना पाठवावा असं मला कितीदा तरी वाटलं. पण मी विषय काढायचा अवकाश, वसईहून येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर सुक्या बोंबलांचं पार्सल येऊन थडकायचं. ज्याचे बोंबील आपण बोटं चाटत खाल्ले त्याच्याकडे भाडेवाढ कशी मागणार? (माझी बायको रोझलीन म्हणते की मला मुळात मागायची हिंमतच नाही, बोंबलांचं फक्त निमित्त आहे. तिचं म्हणणं मी केवळ प्रामाणिकपणा म्हणून इथे देतो.)

हे असंच चाललं असतं. पण वडिलांची केळीची वाडी विकली गेली, माझ्या वाट्याचे पैसे वसईच्या बँकेत आले, त्यावर व्याज सुरू झालं आणि भारतात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची वेळ आली. दुबईत उमर घालवलेल्या माणसाला 'रिटर्न' हा शब्द फक्त विमानाच्या तिकिटापुरता माहीत असतो. म्हणून मी माझ्या मित्राच्या मुलीला, स्टेफीला फोन केला. ती वसईत सीए आहे आणि वेळ वाया घालवत नाही.

तिने व्याज विचारलं, मग घर आहे का विचारलं, मग भाडं किती येतं ते विचारलं.

"चार हजार," मी म्हणालो.

"आठवड्याला?"

मी खुलासा केला. मग तिने मला सावकाश, आजारी माणसाला सांगतात तसं सांगितलं, "अंकल, कायदा तुम्हाला किती मिळालं तेवढंच विचारत नाही. किती मिळायला हवं होतं तेही विचारतो. त्या भागात पंधरा हजार सहज येतात. मग पंधरावर टॅक्स."

"म्हणजे मला जे पैसे मिळालेच नाहीत त्यांच्यावर?"

"हो."

"आणि मावसा बोंबील पाठवतात त्याचं काय?"

"बोंबलांचं कुठे बोलू नका, अंकल. तेही भाड्यात धरतील."

मी इतका हवालदिल झालो की तिलाच दया आली. ती म्हणाली, घरात खरोखरच काही उणीव असेल, म्हणजे लिफ्ट नाही, ओल येते, पाणी कमी, तर घराचं मोल ठरवणारा व्हॅल्युअर वाजवी भाडं थोडं कमी धरू शकतो. तिच्या ओळखीचे एक पाटीलसाहेब होते, तेच काम करणारे. ते नेमके त्या महिन्यात मुलाकडे शारजाला आले होते. शनिवार-रविवारी कधीतरी तुमच्याकडे येतील, व्हिडिओ कॉलवर घरावर एक नजर टाकतील आणि वसईला परतल्यावर प्रत्यक्ष जाऊन बघतील, असं तिने ठरवून टाकलं.

मी लगेच मावसांना फोन केला. इथे मावसांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. नोकरी त्यांनी आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची केली, पण मनाने ते नट. गावच्या सणाला दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्यात मावसांना दरवर्षी शिपायाचं काम मिळायचं. भाला घेऊन आत यायचं, "महाराज, दूत आला आहे" म्हणायचं आणि निघून जायचं. एका वर्षी तेवढ्यावर न थांबता ते दूत कुठून आला, वाटेत त्याला काय काय त्रास झाला हे सांगत बसले, तेव्हा पडदा पाडावा लागला होता. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी त्यांना म्हणालो, "मावसा, एक साहेब माझ्याकडे येऊन व्हिडिओवर घर बघणार आहेत. टॅक्सचं काम आहे. तेव्हा घर फार चांगलं दाखवू नका."

"म्हणजे कसं?"

"आहे तसंच. फक्त ओल आधी दाखवा."

"समजलो," मावसा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खोल आणि भारदस्त झाला होता. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

शनिवारी पाटीलसाहेब निघाले, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास एकाच सिग्नलला उभे राहिले आणि कंटाळून परत गेले. नंतर बघू म्हणाले. हे मी मावसांना कळवायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी ॲनेटने जाहीर केलं की उद्या केविनचे आईवडील आपल्याकडे येत आहेत, आणि माझ्या डोक्यातून मावसा, पाटील आणि भारत सरकार तिघेही उडून गेले.

केविन हा ॲनेटच्या ऑफिसातला मुलगा. दोघांचं ठरलेलं होतं, फक्त मोठ्यांनी भेटायचं बाकी होतं. मुलगा चांगला, घर मूळचं वसईचंच. अडचण एवढीच की ते लोक दुबई मरीनाला राहत होते, बत्तिसाव्या मजल्यावर, बाल्कनीतून बोटी दिसतात अशा घरात. आमच्या बाल्कनीतून समोरच्या लॉन्ड्रीतला माणूस दिसतो. रोझलीनने रविवारी पहाटेपासून पोटॅटो चॉप्स तळायला घेतले आणि मला बजावून ठेवलं की कारखान्यातल्या नळांबद्दल बोलायचं नाही. (मी इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये नळ बनवणाऱ्या कारखान्यात परचेसला आहे. नळ सोडला तर माझ्याकडे बोलायला फारसं काही नसतं.)

पाहुणे चर्चमधून थेट आले. केविनचे वडील वॉल्टर उंच, चष्मा, सूट आणि टाय. आई सिंथिया मोत्यांची माळ घालून. दोघं सोफ्यावर बसली, केविन खुर्चीवर, आणि जागा संपल्यामुळे मी स्टुलावर. बोलणं सुरळीत चाललं होतं. सिंथियाने त्यांच्या गावच्या बंगल्याचं वर्णन केलं. पाच खोल्या, पुढे अंगण, मागे विहीर. मग अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "तुमचं वसईत काही आहे का, की वाडी विकल्यावर काहीच नाही?"

रोझलीनची कानशिलं लाल झालेली मी पाहिली. ती म्हणाली, आहे ना, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. हवेशीर आहे. गॅलरीतून चर्चचा मनोरा दिसतो. भाड्याने दिलाय, माणसं अगदी सभ्य.

"अरे वा, बघायला आवडेल," वॉल्टर म्हणाले, आणि ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. पण रोझलीनने फोन उचलून मावसांना व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. एवढ्याशा फोनवर सहा जणांनी काय बघायचं म्हणून ॲनेटने तो टीव्हीला जोडून दिला. मी स्टुलावरून म्हणालो की मावसा आत्ता झोपलेले असतील. कुणी लक्ष दिलं नाही.

पंचावन्न इंचांच्या पडद्यावर मावसा उगवले. फाटका बनियन, डोक्याला पंचा गुंडाळलेला, गालावर चार दिवसांची दाढी. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या शेजारच्या टायकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे चमकले. जन्मभर भाला धरून उभ्या राहिलेल्या माणसाला अखेर मुख्य भूमिका मिळाली होती.

"या साहेब," ते खोकत म्हणाले. "गरिबाचं घर बघून घ्या."

वॉल्टर सभ्यपणे म्हणाले, "घर बघायचं होतं जरा. तुम्हाला त्रास नसेल तर."

"त्रास तर रोजचाच आहे, साहेब."

त्यांनी सुरुवात छतापासून केली. हॉलच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग आहे हे मला माहीत होतं. तो बशीएवढा होता. पडद्यावर दिसला तो भारताच्या नकाशाएवढा, लंकेसकट. (मावसांनी दुपारी तिथे चहा फासला होता हे मला नंतर कळलं. बिनसाखरेचा, मुंग्या येऊ नयेत म्हणून. इतका विचार त्यांनी केला होता.) खाली तीन बादल्या आणि एक पातेलं मांडून ठेवलेलं. पाऊस संपून महिना झाला होता.

मग ते बाथरूमकडे वळले. नळ उघडला, एक थेंब पडला. मुख्य चावी बंद करून ठेवली होती, हे कुठल्याही नळवाल्याला आवाजावरून कळलं असतं. मला कळलं. पण नळांबद्दल बोलायला मला मनाई होती.

रोझलीन हसायचा प्रयत्न करत म्हणाली, मावसा, बेडरूम दाखवा ना, बेडरूम छान आहे. मावसांनी बेडरूमचं दार उघडलं. आतून चार कोंबड्या आणि एक कोंबडा बाहेर आले.

"राहू दे बिचाऱ्या," मावसा म्हणाले. "त्यांना तरी कुठे जागा आहे."

"दॅट्स अ रिअल रूस्टर," केविन ॲनेटला हळूच म्हणाला. ॲनेट उशीत तोंड खुपसून बसली होती.

मी उठून फोन बंद करायला गेलो. पण फोन वॉल्टरांच्या पलीकडे होता आणि मधल्या टीपॉयवर चॉप्स. तेवढ्यात पडद्यावर मावशी अवतरल्या. बाजारातून आल्या होत्या, हातात पिशवी, अंगावर चांगली साडी. त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "शेजारच्या कोंबड्या बेडरूममध्ये कुणी सोडल्या? आणि भिंतीला हे काय फासलंत?"

मावसा क्षणभरही डगमगले नाहीत. कॅमेऱ्याकडे वळून दुःखाने म्हणाले, "शेजारीही असे आहेत, साहेब. कुणीही कधीही घरात घुसतं."

चाळीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या बायकोला त्यांनी शेजारीण करून टाकलं. मावशी जागच्या जागी थिजल्या. सिंथिया मोत्यांची माळ घट्ट धरून बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, या घराला भाडं किती देता.

या प्रश्नाचीच मावसा वाट बघत होते. त्यांनी डोक्याचा पंचा काढला, डोळे पुसले आणि ते बोलू लागले. चार हजार देतो, तेही मालकाची दया येते म्हणून. ग्रेगरीची दुबईत काय दशा आहे ती आम्हालाच ठाऊक. नोकरी आज आहे, उद्या नाही. भाड्याच्या घरात फळ्या ठोकून राहतात. पोटाला नसतं म्हणून मी इथून बोंबील पाठवतो. एक मुलगी आहे लग्नाची, तिला कोण करून घेणार या काळजीने आईबाप झिजून गेलेत.

रोझलीनच्या हातातली बशी सुटली. मावसांना ती पडल्याचा आवाज टाळ्यांसारखा वाटला असावा, कारण त्यांनी हात जोडून शेवटचं वाक्य टाकलं.

"म्हणून सांगतो साहेब, टॅक्स जरा कमी लावा."

पडद्यावर कोंबडा आरवला आणि मावशींनी फोन हिसकावून घेतला. पडदा काळा झाला.

"कसला टॅक्स?" वॉल्टरांनी विचारलं.

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चार हजार, सहा महिने, स्टेफी, पाटीलसाहेब, शिपायाची भूमिका. रोझलीनची नजर माझ्यावर होती. ती नजर मी आमच्या लग्नाच्या दिवशीही इतका वेळ अनुभवली नव्हती. ॲनेट उशीतूनच म्हणाली, "डॅडी, आय ॲम मूव्हिंग टू कॅनडा."

वॉल्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता उठतील. पण ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे तुमचा भाडेकरू तुम्हाला भाडं देतो?"

"देतो. चार हजार."

"दर महिन्याला? न मागता?"

मी हो म्हणालो. त्यांनी सिंथियाकडे पाहिलं. सिंथियाने खिडकीकडे पाहिलं. मग ती पाच खोल्यांच्या बंगल्याची खरी कथा बाहेर आली. त्यात वॉल्टरांचा धाकटा भाऊ राहत होता. भाडं द्यायचं सोडाच, तो विजेचं बिल मरीनाला पाठवायचा. गेल्या नाताळात हे लोक वसईला गेले तेव्हा भावाच्या सासूबाई आलेल्या होत्या, जागा नाही म्हणून यांना हॉटेलात उतरावं लागलं. पुढच्या अंगणात त्याने गॅरेज काढलं होतं. विहीर मात्र अजून यांच्याच नावावर होती. तिचा गाळ काढायचा खर्च यांनी दिला होता.

"आम्ही कुणाला सांगत नाही," सिंथिया म्हणाली. माळ सोडून तिने पहिल्यांदाच चॉप उचलला. मग दुसरा उचलला. तिसरा खाताना तिने रोझलीनला विचारलं की न मागता भाडं देणारं एवढं चांगलं माणूस घरात ठेवायला कसं मिळालं. मावसांबद्दल!

मुलांचं तर ठरलेलंच होतं. "वुई आर नॉट गोइंग टू लिव्ह विथ द चिकन्स, आर वुई?" एवढंच केविनने विचारलं आणि विषय संपला. साखरपुड्याचा दिवस ठरला. जाताना वॉल्टरांनी माझ्याकडून स्टेफीचा नंबर घेतला आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

पाहुणे गेल्यावर रोझलीनने मावसांना फोन केला. ती काय बोलली ते मी गॅलरीतून ऐकलं, आणि लॉन्ड्रीवाल्यानेही ऐकलं असावं. शेवटी ती म्हणाली की आता मुलाकडची माणसं कधीही घर बघायला येतील, तेव्हा मावसांनी आधी घराचं रूप पालटावं आणि येणाऱ्याशी माणसासारखं वागावं. मावसा मनापासून वरमले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी रंगारी लावला. (बिल मला आलं.) मावशींनी नवे पडदे शिवले. कोंबड्या परत गेल्या.

आणि त्या नव्याकोऱ्या घराची बेल पाटीलसाहेबांनी वाजवली.

ते वसईला परतले होते आणि स्टेफीने सांगितल्याप्रमाणे कामाला गेले होते. नुसतंच म्हणाले, घर बघायला आलोय. मावसांनी त्यांना मुलाचे मोठे काका समजून हाताला धरून आत नेलं. वारा दाखवला, मनोरा दाखवला, नळ सगळे एकदम सोडून दाखवले. मावशींनी केक कापला. पाटील म्हणाले, ओल वगैरे? मावसा म्हणाले, या घरात माझी सर्दीसुद्धा बरी झाली. पाटील म्हणाले, भाडं काय येईल अशा घराला? मावसा छाती काढून म्हणाले, वीसच्या खाली कुणी बोलूच नये.

पाटीलसाहेबांनी वीस धरले. शेजारपाजारी कुणाला वीस मिळत नाहीत. स्टेफी म्हणाली की इतका बोलका भाडेकरू तिने पाहिला नव्हता, आणि आता वीसवरच भरावं लागेल. मी भरलं.

त्यानंतर आठवड्याने मावसांचा फोन आला. आवाज चिंतेचा होता. म्हणाले, "ग्रेगू, ते काका म्हणे टॅक्सवाले निघाले. त्यांनी वीस मान्य केले म्हणे. अरे, एवढ्या महागाच्या घरात आम्हा म्हाताऱ्यांनी राहायचं म्हणजे छातीवर दडपण येतं. शोभतं का आम्हाला? तू भाडं थोडं कमी करतोस का?"

मी पाचशेने कमी केलं.

आता सरकारच्या मते मला महिन्याला वीस हजार मिळतात, रोझलीनच्या मते चार मिळतात, आणि साडेतीन मिळतात हे फक्त मावसांना आणि मला माहीत आहे. रोझलीनला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही. पण मी लिहिलेलं ती कधी वाचत नाही, आणि एवढ्या एका भरवशावर मी लेखक झालो आहे.